शब्द एक, अर्थ अनेक : सहीपूर्वी करावयाचा निक्षेप

मुंबईहून सुटलेली फास्ट लोकल कल्याणपर्यंत मोजकीच स्थानके घेते. कल्याण सुटले की पहिले स्थानक विठ्ठलवाडी, आणि तेथून कर्जतपर्यंत हीच गाडी प्रत्येक स्थानकावर थांबत जाते. तरीही तिचे नाव शेवटपर्यंत फास्टच राहते. विठ्ठलवाडीला उतरून शेजारच्या उल्हासनगरच्या कापडबाजारात गेलो, तर दुकानदार ताग्यावर हात ठेवून सांगतो, 'कलर अगदी फास्ट आहे.' येथे रंग धावत नसतो. उलट तो धुतल्यावरही जागचा हलत नाही, अशी ती हमी असते. आणि पर्युषणाच्या दिवसांत इंग्रजी माध्यमात शिकणारी नात आपल्या मैत्रिणीला सांगते, 'आज माझ्या आजीचा फास्ट आहे.' गाडी जलद, रंग पक्का आणि आजीचा उपवास. तीन गोष्टी, शब्द मात्र एकच.

हा निव्वळ योगायोग आहे असे कोणास वाटेल. पण तसे नाही. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ 'घट्ट, दृढ' असा होता. कापडाला घट्ट धरून राहतो तो फास्ट रंग. जोर न सोडता, नेटाने धावणे या अर्थाने तो शब्द धावण्याला जोडला गेला आणि हळूहळू 'जलद' हाच त्याचा मुख्य अर्थ होऊन बसला. उपवासाचा फास्टही त्याच मुळाचा. नियम दृढपणे पाळणे, स्वतःला घट्ट आवरून धरणे, हा त्याचा गाभा. व्रत म्हणजे केवळ अन्नत्याग नसून संकल्पाची दृढता होय, असे आपण प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. हजारो कोसांवरच्या एका भाषेने तीच जाणीव आपल्या शब्दाच्या पोटात जपून ठेवावी, हे पाहून मन प्रसन्न होते.

अशा गमती सांगून थांबण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. इंग्रजी शब्दांचे हे बहुरूपी वर्तन गाडीच्या फलाटावर करमणूक करते, परंतु कर्जाच्या करारात, धनादेशावर किंवा समभागांच्या नामनिर्देशन अर्जात तेच वर्तन एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची कमाई पणाला लावू शकते. व्यापार आपल्या रक्तात आहे, व्यापाराचे कागद मात्र आता बहुतांशी इंग्रजीत आहेत. म्हणून या विषयाकडे थोडे गांभीर्याने पाहू.

शब्द प्रवास करतात

इंग्रजी ही अनेक भाषांकडून उसनवारी करून श्रीमंत झालेली भाषा आहे. तिच्या सर्वात मोठ्या ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत 'सेट' या तीन अक्षरी क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदलेले होते. पुढे सुधारित नोंदींत 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थांपर्यंत मजल मारून त्यालाही मागे टाकले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सर्वाधिक अर्थ कठीण शब्दांना नसतात. ते रोजच्या साध्या शब्दांना असतात. जो शब्द अधिक हातांतून फिरतो, त्याच्यावर अधिक ठसे उमटतात. चलनी नाण्यासारखेच हे आहे.

आपल्या पेढीवरचेच शब्द पाहा. 'बँक' हा शब्द इटलीतील सराफांच्या बाकावरून आला. बाजारात बाक मांडून, त्यावर नाणी पसरून ते अदलाबदल करीत. नदीच्या काठालाही इंग्रजीत बँकच म्हणतात, आणि बाक व काठ या दोहोंचे दूरचे मूळ एकच मानले जाते. 'चेक' या शब्दाची कथा तर आपल्या दारातूनच जाते. बुद्धिबळ भारतातून इराणात गेले. तेथे राजाला 'शाह' म्हणत. राजावर चाल आली की 'शाह' असा पुकारा होई. तो पुकारा युरोपात पोहोचेपर्यंत 'चेक' झाला. राजाला अडवणे यावरून कोणालाही अडवणे, आवर घालणे, मग तपासणे आणि शेवटी खोटेपणा रोखण्यासाठी मागे ठेवलेली स्थळप्रत, असा अर्थ बदलत गेला. आज आपण ज्यावर सही करून पैसे देतो, तो धनादेश म्हणजे या प्रवासाचा शेवटचा मुक्काम. चौकटीच्या सदऱ्याला चेक्सचा सदरा म्हणतात, तेही बुद्धिबळाच्या पटावरूनच.

आपल्या भाषेचे काय?

इंग्रजीला हसण्यापूर्वी आपल्या अंगणात पाहावे. 'अर्थ' हाच शब्द घ्या. शब्दाचा अर्थ आणि धनरूपी अर्थ, दोन्ही एकाच शब्दात. 'पक्ष' म्हणजे पंख, पंधरवडा, राजकीय संघटना आणि करारातील एक बाजूही. 'अज्ञान' हा शब्द प्रवचनात ऐकला तर तो आत्म्यावरचे आवरण सुचवतो; सातबाऱ्याच्या उताऱ्यात 'अज्ञान पालनकर्ता' असे दिसले, तर तेथे वयात न आलेल्या वारसाचा पालक अभिप्रेत असतो. 'द्रव्य' दुकानात पैसा असतो, तत्त्वचर्चेत जीव, पुद्गल, धर्म, अधर्म, आकाश आणि काल ही सहा द्रव्ये असतात. आणि त्यातला 'धर्म' म्हणजे आपण मंदिरात आचरतो तो नव्हे, तर गतीला सहाय्य करणारे तत्त्व. 'भाव' बाजारात चढतो-उतरतो, मंदिरात निर्मळ असावा लागतो.

जैन आचार्यांनी शब्दांच्या या स्वभावाकडे कधीच डोळेझाक केली नाही. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्य यांचा जन्म विक्रम संवत ११४५ म्हणजे इ.स. १०८८ मध्ये धंधुका येथे एका वणिक कुटुंबात झाला. त्यांनी एका अर्थाचे अनेक शब्द देणारा 'अभिधानचिंतामणि' रचला, आणि एका शब्दाचे अनेक अर्थ देणारा 'अनेकार्थसंग्रह' हा स्वतंत्र कोशही सिद्ध केला. त्यातील शब्द अक्षरसंख्येनुसार लावलेले आहेत. खरतरगच्छाचे समयसुंदर उपाध्याय यांनी तर सम्राट अकबराच्या काळात, इ.स. १५९२ मध्ये, 'अष्टलक्षी' या ग्रंथात एक अद्भुत उपक्रम केला. राजे सुख देतात, अशा आशयाचे अवघ्या आठ अक्षरांचे एक संस्कृत वाक्य घेऊन त्यांनी त्याचे आठ लाख अर्थ लावून दाखविले. शब्दाच्या शक्तीचे असे प्रात्यक्षिक जगाच्या वाङ्मयात विरळाच.

पण या साऱ्यांपेक्षा आपल्या दैनंदिन व्यवहाराला अधिक उपयोगी पडते ती निक्षेपाची पद्धत. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात ती सांगितली आहे. एखादा शब्द समोर आला की तो कोणत्या प्रकारे योजिला आहे हे आधी ठरवावे, मग अर्थ लावावा. त्यासाठी नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप. 'राजा' हा शब्द पाहा. कोणा मुलाचे नावच राजा असते, तो नामराजा. बुद्धिबळाच्या पटावरचे लाकडी सोंगटे हा स्थापनाराजा. आज युवराज आहे व उद्या गादीवर बसेल, किंवा काल गादीवर होता व आज नाही, तो द्रव्यराजा. आणि जो आज सिंहासनावर बसून राज्य करीत आहे, तो भावराजा. 'राजाला नमस्कार कर' या आज्ञेचा अर्थ यांपैकी कोणता राजा, हे ठरविल्यावाचून लागत नाही. अप्रस्तुत अर्थ बाजूला सारणे आणि प्रस्तुत अर्थ समोर आणणे, हे निक्षेपाचे प्रयोजन आपले टीकाकार सांगतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनेकांतवाद म्हणजे कोणीही कोणताही अर्थ घ्यावा, सगळेच खरे, असे काहीजण समजतात. स्याद्वादातील 'स्यात्' या शब्दाचा अर्थ 'कदाचित' असा केला जातो, त्याचाच हा परिणाम. वास्तविक तेथे 'स्यात्' म्हणजे 'एका विवक्षित अपेक्षेने'. कोणत्या अपेक्षेने हे निश्चित केले की विधान संदिग्ध राहत नाही. अनेक अर्थ मान्य करणे आणि प्रस्तुत अर्थ काटेकोरपणे ठरविणे, या दोन्ही गोष्टी एकाच शिस्तीच्या दोन बाजू आहेत.

कागदावरचे साधे शब्द

हीच शिस्त घेऊन बँकेच्या टेबलावर बसू. मी नोकरीची बरीच वर्षे कर्जविभागात काढली. सही करणारे गृहस्थ हायपोथिकेशनसारख्या अवजड शब्दापाशी थबकत आणि त्याचा अर्थ आवर्जून विचारीत. मात्र ओळखीचे वाटणारे शब्द ते सहज ओलांडून जात. जोखीम बहुधा तेथेच दडलेली असे.

'क्रेडिट' या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'विश्वास ठेवणे' या क्रियापदात आहे. मराठीने त्याला प्रसंगानुसार चार स्वतंत्र शब्द दिले आहेत : दुकानात उधारी, बाजारात पत, खात्यात जमा आणि कामात श्रेय. पासबुकातील क्रेडिट पाहून अनेकांचा गोंधळ होतो. आपण बँकेत पैसे भरले की बँक ती रक्कम क्रेडिट दाखवते, आणि आपल्या खतावणीत मात्र तीच रक्कम बँकेच्या नावे पडते. कारण सरळ आहे. पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल असते, आणि बँकेच्या दृष्टीने ती तुमची देणेकरी असते. शब्द तोच, बघणारा बदलला.

'सँक्शन' म्हणजे मंजुरी. कर्ज सँक्शन झाले की पेढे वाटले जातात. पण वृत्तपत्रात एखाद्या देशावर सँक्शन्स लादले असे वाचतो तेव्हा तेथे निर्बंध असा जवळजवळ उलटा अर्थ असतो. त्या देशाशी निर्यातीचा व्यवहार असलेल्या व्यापाऱ्याने हा फरक ओळखलाच पाहिजे. 'ऑनर' म्हणजे सन्मान. बँकेत मात्र धनादेश ऑनर करणे म्हणजे त्याची रक्कम देणे, आणि डिसऑनर म्हणजे तो न वटता परत जाणे. हा अनादर केवळ शब्दापुरता नाही. १ एप्रिल १९८९ पासून लागू झालेल्या कलम १३८ नुसार, देण्यापोटी दिलेला धनादेश खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने परत गेला आणि लेखी नोटिशीनंतर पंधरा दिवसांतही पैसे दिले नाहीत, तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा धनादेशाच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

धनादेशावर दोन रेघा ओढून 'नॉट निगोशिएबल' लिहितात. निगोशिएशन म्हणजे वाटाघाट, म्हणून 'याबाबत घासाघीस नाही' असा अर्थ कोणी घेतात. काहींना तो धनादेश पुढे देताच येत नाही असे वाटते. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३० मधील अर्थ निराळा आहे. असा धनादेश हस्तांतरित होऊ शकतो, पण घेणाऱ्याला देणाऱ्यापेक्षा अधिक चांगला हक्क मिळत नाही. देणाऱ्याच्या हक्कात खोट असेल, तर ती खोट घेणाऱ्याच्या पदरात पडते.

आणि आता सर्वांत साध्या दिसणाऱ्या शब्दाकडे येऊ : 'सेव्हरल'. शाळेत आपण त्याचा अर्थ 'अनेक, पुष्कळ' असा शिकतो. कर्जाच्या कागदावर 'जॉइंटली अँड सेव्हरली' असे येते, तेव्हा मात्र त्याचा अर्थ 'संयुक्तपणे आणि पृथक्पणे' असा असतो. हा शब्द 'वेगळा' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून निघाला. पुष्कळ हा अर्थ नंतरचा. तात्पर्य असे की, पाच जणांनी मिळून पन्नास लाखांच्या कर्जावर सह्या केल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा लाख असा हिशेब बँकेवर बंधनकारक नसतो. ती पाचांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण पन्नास लाख मागू शकते. त्याने इतर चौघांकडून त्यांचा वाटा वसूल करणे हा नंतरचा, त्याचा स्वतःचा प्रश्न. जामीनदाराचेही तसेच. १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम १२८ नुसार, करारात अन्यथा ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते.

एका शाखेत असताना एक वयस्क कापडव्यापारी माझ्यासमोर बसले होते. पुतण्याच्या दुकानाच्या कर्जाला ते इतर तिघांसह जामीन राहिले होते आणि ते कर्ज थकले होते. त्यांनी चौथ्या हिश्शाचा धनादेश लिहून आणला होता. अक्षर सुरेख, रक्कम पैशापर्यंत अचूक. 'माझा भाग मी देतो, मला मोकळे करा,' असे ते म्हणाले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल तिळमात्र शंका नव्हती. पण ज्या कागदावर त्यांनी सही केली होती, त्यात 'माझा भाग' ही कल्पनाच नव्हती. मी करार उघडून त्या एका शब्दावर बोट ठेवले. ते बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, 'हा शब्द तर मला येत होता.'

'व्हेस्ट' : एका शब्दाचा तेरा वर्षांचा खटला

शब्दाच्या अर्थावर घराची मालमत्ता कशी लटकते, याचे अलीकडचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. 'व्हेस्ट' हा शब्द कापडबाजारातील प्रत्येकाला ठाऊक आहे. होजिअरीच्या खोक्यावर बनियनला व्हेस्ट म्हणतात. कायद्यात त्याचा अर्थ 'निहित होणे' असा आहे. समभागधारकाच्या मृत्यूनंतर समभाग नॉमिनीकडे व्हेस्ट होतील, अशी तरतूद १९५६ च्या कंपनी कायद्यात नंतर घालण्यात आली होती. प्रश्न असा उभा राहिला की, व्हेस्ट होणे म्हणजे नॉमिनी मालक होणे की केवळ ताबेदार होणे?

२०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निकाल दिला की येथे व्हेस्ट याचा अर्थ मालकीच. नॉमिनी समभागांचा मालक होतो आणि वारसांचा हक्क उरत नाही. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या न्यायमूर्तींनी हा अर्थ अमान्य केला. २०१६ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने वारसांची बाजू उचलून धरली. अखेरीस १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केले : नामनिर्देशनाने समभाग नॉमिनीच्या हाती मर्यादित हेतूने येतात, त्याने वारसाहक्काचा कायदा बाजूला पडत नाही. २०१० ते २०२३ अशी तेरा वर्षे एका शब्दाच्या अर्थाभोवती गेली.

हा शब्द त्यापूर्वीही व्यापाऱ्यांना भोवला होता. दिल्लीतील फळे व भाजीपाल्याच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेचा एक खटला १९५७ च्या निवाडासंग्रहात प्रसिद्ध आहे. त्यांची बाजारपेठ नगरसुधारणा मंडळाकडे व्हेस्ट झालेली होती. ती मंडळाच्या मालकीची ठरली असती, तर गाळेधारकांना भाडे-नियंत्रणाचे संरक्षण मिळण्याची आशा होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की व्हेस्ट या शब्दाला एकच ठराविक अर्थ नाही. मालकी, ताबा किंवा मर्यादित व्यवस्थापन, यांपैकी कोणताही अर्थ संदर्भाने लागू शकतो. तेथे व्यवस्थापनाचा अर्थ लागला, मालकी सरकारचीच राहिली आणि संरक्षण हुकले.

निक्षेपाच्या भाषेचा सैलपणे वापर करून असे म्हणता येईल की, नॉमिनी हा स्थापनामालक आहे. मालकाच्या जागी तो बसविलेला आहे. बँक किंवा कंपनी त्याच्याकडे पैसे सोपवून मोकळी होते. भावमालक मात्र कायदेशीर वारस किंवा मृत्युपत्राने ठरलेली व्यक्ती. म्हणून घरातील ज्येष्ठांनी नॉमिनेशनचा अर्ज भरला की काम झाले, असे समजू नये. धाकट्या मुलाचे नाव सोयीसाठी नॉमिनी म्हणून लिहिले आणि मृत्युपत्र केले नाही, तर धाकट्याला वाटते मालमत्ता आपली, थोरल्याला वाटते आपणास डावलले. आणि भावाभावांत जी दरी पडते ती पैशाने भरून येत नाही. मृत्युपत्र करावे, आणि नॉमिनीचे नाव त्याच्याशी जुळते ठेवावे.

सारखे दिसणारे तीन शब्द

कधी याच्या उलटही घडते. शब्द निरनिराळे असतात, पण आपण त्यांना एकच समजतो. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून आला आणि त्याबरोबर 'निल रेटेड', 'एक्झेम्प्ट' आणि 'झिरो रेटेड' हे शब्द आले. तिन्हींचा सामान्य अर्थ 'कर शून्य'. परंतु निर्यातीचा माल झिरो रेटेड असतो. त्यासाठी खरेदी केलेल्या कच्च्या मालावर भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते आणि त्याचा परतावाही मागता येतो. निल रेटेड किंवा एक्झेम्प्ट विक्रीसाठी मात्र असे क्रेडिट मिळत नाही. घेतले असल्यास परत फिरवावे लागते. शून्य आणि शून्य यांत व्यापाऱ्याचा सगळा नफा सामावलेला असू शकतो.

आपल्या नयविचारात यासाठीही जागा आहे. समभिरूढ नय सांगतो की पर्यायी शब्दांनाही आपापला अर्थ असतो. इंद्र, शक्र आणि पुरंदर ही एकाचीच नावे. परंतु ऐश्वर्यवान तो इंद्र, समर्थ तो शक्र, नगरे भेदणारा तो पुरंदर. कर-सल्लागाराशी बोलताना हा नय मनात ठेवावा आणि 'कर लागत नाही ना?' एवढेच न विचारता 'कोणत्या नावाखाली लागत नाही?' असे विचारावे.

पूर्वजांची हुंडी

आपल्या पूर्वजांनी हे जाणले होते. हुंडीची जातच तिच्या नावात सांगितलेली असे. दाखवताच पैसे द्यावयाचे ती दर्शनी, ठराविक दिवसांनी द्यावयाचे ती मुदती. ज्याला द्यावयाचे तो धनी असेल तर धनीजोग, बाजारातील प्रतिष्ठित आसामी असेल तर शाहजोग, नाव घेऊन सांगितलेली व्यक्ती असेल तर नामजोग. माल सुखरूप पोहोचण्याच्या जोखमीवर अवलंबून असलेली ती जोखमी. प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द, त्यामुळे दूरच्या पेढीवरील मुनीम न भेटलेल्या माणसाचा कागदही निःशंकपणे वटवीत असे. १८८१ च्या इंग्रजी कायद्यानेही आपल्या पहिल्याच कलमात देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढी राखून ठेवल्या. मराठीतही ही परंपरा टिकावी म्हणून महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले. परिभाषा घडविण्याचे त्याचे काम हे एका परीने निक्षेपाचेच काम आहे : 'चार्ज' हा एक शब्द मोडून शुल्क, भार, आरोप, कार्यभार असे शब्द हाती देणे.

म्हणून घरातील तरुण पिढीला एवढेच सुचवावेसे वाटते. इंग्रजी कागद समोर आला की कठीण शब्दांबरोबर सोप्या शब्दांनाही थांबवून विचारावे. हा शब्द कोणाच्या बाजूने लिहिलेला आहे? कागदाच्या आरंभी व्याख्यांचे जे कलम असते, त्यात याची व्याख्या दिली आहे काय? याच्या जागी मराठी किंवा घरात बोलतो तो शब्द ठेवला, तर वाक्याचा अर्थ तोच राहतो की बदलतो? जेथे मराठीत दोन शब्द सुचतील, तेथे थांबावे. त्या दोहोंपैकी कोणता, हे लेखी विचारून घ्यावे. बँकेचा अधिकारी, वकील किंवा सनदी लेखापाल यांना असा प्रश्न विचारण्यात कमीपणा मुळीच नाही. उलट, सही करणारा जागा आहे हे त्यांना कळते.

सत्य आणि अचौर्य या अणुव्रतांचा व्यापाऱ्याशी थेट संबंध आहे. आपण जे बोलतो त्याचा अर्थ समोरच्याला नीट कळला आहे ना, हे पाहणे हाही सत्याचाच भाग होय. आपल्या दुकानातील बिलावर, हमीपत्रावर, भागीदारीच्या करारावर आपण जे शब्द लिहितो, ते ग्राहकाने आणि भागीदाराने एकाच अर्थाने वाचावेत, याची काळजी घेणे आपल्या हाती आहे. दुसऱ्याच्या कागदावरील सोपा शब्द आपल्याला फसवू नये, आणि आपल्या कागदावरील सोपा शब्द दुसऱ्याला फसवू नये. हिशेब दोन्ही बाजूंनी जुळला पाहिजे.